मिस्त्रीची दाढी

मिस्त्री गेला तेव्हा त्याचे गाल गुळगुळीत होते. बाकीच्या बायका डोळ्याला पदर लावत होत्या आणि मी त्याची हनुवटी बघत होते. मनात म्हटलं, बरं झालं, काम बाकी ठेवून गेला नाही.

यावरून कुणी मला दगड म्हणेल. म्हणू दे. मी त्याच्या हाताखाली अर्धं आयुष्य वाती वळल्या, मला रडायची सक्ती नाही.

वाती म्हणजे देवापुढच्या नव्हेत. होडी लाकडाची असते तेव्हा दोन फळ्यांच्या मध्ये फट राहते. त्या फटीत कापसाची वात भरतात, तेलात आणि राळेत भिजवलेली, आणि बोथट छिन्नी लावून लाकडी मोगरीने ठोकत ठोकत बसवतात. या कामाला कलपत म्हणतात. म्हणत असत म्हणायला पाहिजे. आता धरमतरच्या खाडीत लोखंडाच्या बार्जी चालतात आणि मासेमारीच्या होड्या फायबरच्या आहेत, त्यांना फटच नसते. पण माझ्या तरुणपणी आमच्या काठावर पावसाळ्याआधी होड्या ओळीने वर ओढलेल्या असत, आणि आम्ही बायका गुडघ्याच्या वर लुगडं सारून मांडीवर वाती वळत असू. मांडीवरचे केस कायमचे गेले. दुसरा काही फायदा आठवत नाही.

मिस्त्री त्या काठावरचा सगळ्यात बडबड्या माणूस. आणि त्याची बडबड परक्या माणसाला कळत नसे, कारण तो साध्या वस्तूचं साधं नाव कधी घेत नसे. घराच्या पुढच्या दाराला तो नाळ म्हणायचा. नाळ म्हणजे होडीच्या तोंडाचं पुढं आलेलं टोकदार लाकूड. पाठीच्या कण्याला पठाण. पठाण म्हणजे होडीच्या तळातलं सगळ्यात लांब लाकूड, ज्यावर सगळी होडी उभी राहते. कंबर धरली की तो म्हणायचा, "आज पठाण दुखतंय." पेणच्या सरकारी दवाखान्यात नव्या डॉक्टरणीला त्याने हेच सांगितलं. तिने कागदावर काय लिहिलं देव जाणे, पण तिने त्याला पाठमोरा बसवून बोटांनी पाठीवर टकटक केली, तेव्हा मिस्त्री मान वळवून म्हणाला, "बाय, जरा डावीकडं ठोका. तितं भरीव लागंल."

कारण टकटक हा त्याचा धंदा होता. वात नीट बसली की नाही हे तो मोगरीच्या आवाजावरून सांगायचा. पोकळ आवाज आला तर पुन्हा ठोक, भरीव आला तर पुढे चल. ती सवय काठावर ठेवून घरी आला असता तर ठीक. पण तो बोटाचं पेर वाकवून जे दिसेल त्याच्यावर ठोकायचा. कलिंगड, दरवाजा, एसटीचा पत्रा, पाहुण्यांची ट्रंक. एकदा शाळेचे मास्तर देणगी मागायला आले आणि तासभर देशाच्या प्रगतीवर बोलले. मिस्त्रीने त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर दोनदा टकटक केली आणि म्हणाला, "पोकळ." भिंत मातीची, चांगली हातभर जाड. मास्तर काय समजायचं ते समजले.

बायकोला तो परबाण म्हणायचा. परबाण म्हणजे डोलकाठीवर आडवं चढवतात ते लांब लाकूड. त्याला शीड बांधतात. मी नवी असताना एकदा विचारलं, "ओ मिस्त्री, आडवी बोलते म्हणून परबाण काय?"

"नाय गो. परबाण नसंल तर शीड उबं ऱ्हात नाय, म्हनून."

मिस्त्रीण चुलीपुढून म्हणाली, "पयलंच खरं हाय. उगाच गोड बोलू नका."

पण तिला ते नाव आवडायचं. तिचं खरं नाव तिच्या माहेरीसुद्धा लोक विसरले होते.

होडीच्या बरगड्यांना वाकडं लाकूड लागतं. सरळ लाकूड वाकवून चालत नाही, झाडावरच वाकडी वाढलेली फांदी शोधावी लागते. त्यामुळे मिस्त्री रस्त्याने चालायचा तो वर बघत. दोनदा गटारात पडला. पुतण्यासाठी मुलगी बघायला त्याला गागोद्याला पाठवला होता. संध्याकाळी परत आला तो खुशीत.

मिस्त्रिणीने विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"झकास."

"रंगानं?"

मिस्त्री छपराकडे बघायला लागला.

"उंचीनं तरी कशी हाय?"

"उंची हाय ना. दारातच हाय. आन् खालची फांदी अशी वाकलीय..." आणि त्याने हवेत हात फिरवून दाखवला. तो सबंध दिवस त्यांच्या अंगणातली बाभूळ बघून आला होता. मुलीने चहा आणून दिला होता, पण तो पीत असताना हा मान वर करून बसलेला. शेवटी मिस्त्रीण स्वतः जाऊन मुलगी बघून आली. लग्न झालं. वराकडून एकच मागणी गेली, ती फांदी. ती सून आता आजी झाली आहे, तरी भांडण झालं की नवऱ्याला म्हणते, "मी बाभळीसंगं फुकट आलेली हाय."

मिस्त्री फार शहाणा होता असं मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसाला शहाणा म्हणायची लोकांना घाई असते. धरमतरच्या जेटीवर पहिल्यांदा लोखंडाच्या बार्जी लागायला लागल्या तेव्हा हा रोज सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिथे जाऊन बसायचा. पाणी उतरलं की त्यांची काळी बुडं दिसायची. मिस्त्री थुंकायचा आणि म्हणायचा, "डबे हायत डबे. आज नाय तर उद्या बुडतील." बरीच वर्षं बसला. नाही बुडल्या. अजून चालतात.

माझ्या थोरलीच्या वेळी त्याने हौसेने पाळणा करून दिला. सागाचा, पुढे नाळ, खाली पठाण, आतल्या फटी कलपत केलेल्या, जणू पोरगी त्यात बसून मुंबईला जाणार. शिवाय तळाला एक कप्पा करून त्यात खाडीतले गोल दगड भरले. मी म्हटलं, "हे धोंडे कशाला?"

"निरम हाय ते. रिकामी व्हडी पान्यावर कलंडते. तळात वजन टाकावं लागतं. वजन आसलं की किती बी हलू दे, उलटी व्हत नाय."

पाळणा उलटा झाला नाही हे खरं. पण दगडांच्या वजनाने तो एकदा हलवला की थांबायचाच नाही. डावीकडे, उजवीकडे, सावकाश, भर समुद्रात असल्यासारखा. पोरगी दूध ओकायची. मी दगड काढून परसात टाकले तेव्हा कुठे तिच्या अंगाला अन्न लागायला लागलं. मिस्त्री महिनाभर माझ्याशी बोलला नाही. नंतर सरपंचाचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "निरम हाय तो. कामाचा नाय, पन गावाच्या तळाला पायजे." तेव्हा मला कळलं की राग गेला.

आता दाढीचं सांगते.

मिस्त्रीच्या घराण्यात एक रीत होती. दुरुस्तीसाठी होडी वर ओढली की तिचा मिस्त्री दाढी करायचा नाही. होडी परत पाण्यात गेली, मिस्त्री तिच्यात बसला, पठाणाच्या कडेने हाताचा तळवा फिरवला आणि "कोरडी" म्हणाला, की मग काठावरच न्हावी बसायचा. "कोरडी" हा शब्द दुसऱ्या कुणी उच्चारायचा नाही. आणि त्या दिवशी वाती वळणाऱ्या बायकांनी होडीला हात लावायचा नाही. का? मी विचारलं होतं. "रीत हाय," तो म्हणाला. ज्याचं कारण कुणाला माहीत नसतं त्याला रीत म्हणतात. आमच्या वाती आत बसून पाणी अडवणार आणि आम्ही लांब चिखलात उभ्या.

पूर्वी दाढी दहापंधरा दिवस वाढायची. भरतीच्या उधाणाला होडी सुटली की गेली. मग होड्याच संपल्या. मिस्त्री रोज दाढी करायला लागला आणि चिडचिडा झाला. दाढीचा आणि चिडचिडीचा संबंध आम्हाला माहीत होता. मिस्त्रीण म्हणायची, "ह्यांच्या गालाला काम नाय."

अशात रोह्याहून एक निरोप आला. तिकडे कुंडलिकेच्या काठी एका जुन्या होडीवाल्याचा, नाखव्याचा, शिडाचा मचवा वर्षानुवर्षं चिखलात पडून होता. त्या नाखव्याचा नातू आखातात हॉटेलात काम करून परत आला होता. त्याने फोनवर सांगितलं, "मिस्त्रीचाचा, दादाचा मचवा रिपेर करायचाय. तुमच्याबिगर कोन करनार?" मिस्त्रीने फोन ठेवला, न्हाव्याला परत पाठवला आणि मला हाक मारली. "गो वातवाली, मांडी हाय का शाबूत?"

"मांडी हाय. केस नायत," मी म्हटलं.

मचवा ट्रेलरवर घालून हायवेला खांब गावाजवळ आणून ठेवलेला होता, एका नव्या इमारतीच्या आवारात. मिस्त्रीने विचारलं नाही की होडी खाडी सोडून हायवेला कशाला आणली. त्याला वाटलं, जागा सपाट आहे, वीज आहे, काम झालं की परत जाईल. होडी दुरुस्त करायची म्हटल्यावर ती पाण्यात जायची की नाही हे कुणी विचारतं का? मीही विचारलं नाही.

रोज सकाळच्या एसटीने आम्ही दोघं जायचो, मी कापसाचं गाठोडं घेऊन, तो मोगरी आणि छिन्न्या घेऊन. मचवा तसा लहान, पण हाल फार होते. त्याने कुजक्या फळ्या काढल्या, नव्या बसवल्या, फटी खरवडल्या. दिवसभर आपल्या शब्दांत बडबडत होता आणि मी वळत होते. इतका खूश मी त्याला पुतण्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. काम महिनोन्महिने चाललं, दाढी वाढत चालली. आधी खुंट, मग झुडूप, मग पांढरी छातीपर्यंत. रोह्याच्या बाजूची म्हातारी मुसलमान माणसं एसटीत त्याला सलाम करायला लागली. खांबच्या थांब्यावर एक बाई बाबाजी समजून पाया पडली आणि तिने पोर पुढे केलं, म्हणाली, "बगा ना, अब्यासात डोकं चालत नाय." मिस्त्रीने पोराच्या डोक्यावर पेराने टकटक केली आणि म्हणाला, "भरीव हाय. काळजी करू नको." बाईने त्याला केळी दिली. आम्ही खाल्ली.

मग एक दिवस पोचलो तर गवंडी मचव्याच्या खाली सिमेंटचा चौथरा बांधत होते आणि एक पेंटर बाजूला डब्बे उघडून बसला होता. नाखव्याचा नातू पांढरा शर्ट घालून उभा. तो म्हणाला, "चाचा, एक नंबर काम केलंत. आता आत दोन टेबलं बसतील. फॅमिलीसाठी. लोक व्हडीत बसून जेवनार, फोटो काडनार."

मिस्त्रीला कळायला वेळ लागला. "आन् पान्यात कदी घालायची?"

"पान्यात कशाला? गिऱ्हाईक हायवेला हाय, चाचा. खाडीत कोन जेवतो?"

नातू वाईट माणूस नव्हता. आजोबाची होडी मोडीत घालायला लोक सांगत होते, ती त्याने जपली होती. त्याने मिस्त्रीला चहा पाजला आणि सांगितलं की हॉटेलात सगळं होडीचंच असणार. टेबलांना होडीच्या भागांची नावं, थाळ्यांना नावं, होडीवर पाट्या. फोनमध्ये शोधलं तर भलतंच येत होतं, इंग्रजी. "ती नावं आता तुमच्याकडंच हायत. पेंटरला सांगा फकस्त."

मिस्त्रीने चहा संपवला आणि नाळेखाली राहिलेली वात ठोकायला घेतली. पेंटर ब्रश घेऊन नाळेसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ह्याला काय म्हन्तात?"

"फुडचं लाकूड," मिस्त्री म्हणाला.

"आन् ह्या खालच्याला?"

"खालचं लाकूड."

"आन् ती वरची आडवी?"

"आडवं लाकूड. डोळं नायत काय तुला?"

नातू हसला, मग हसायचा थांबला. मिस्त्री म्हणाला, "व्हडी पान्यात घाल, सगळी नावं सांगतो. कोरड्यावर नावं कशाला लागतात? लाकडं म्हन."

नातवाचं म्हणणं, क्रेन आणा, ट्रेलर आणा, खाडीत न्या, परत आणा, कशासाठी? एका दाढीसाठी? मिस्त्रीचं म्हणणं, व्हय, दाढीसाठी.

तिथपासून मिस्त्री साधं बोलायला लागला. संपच होता तो त्याचा, पण संप हॉटेलशी आणि भोगलं आम्ही. दाराला दार, कंबरेला कंबर. एसटीत कंडक्टरला पहिल्याच वाक्यात सगळं समजायला लागलं. मला वातवाली म्हणायचं सोडून त्याने माझ्या खऱ्या नावाने हाक मारली तेव्हा मी मागे वळूनच बघितलं नाही. मला वाटलं दुसरी कुणीतरी आहे. घरी मिस्त्रीण घाबरली. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गो, ह्यांनी काल मला 'अगो ऐकतेस का' म्हटलं. डागदराला दाखवू काय?"

"काय दुखतंय विचारलंत?"

"कंबर म्हन्ले. कंबर! पठाण नाय म्हन्ले!" तिचे डोळे भरले होते. मी तिला पाणी दिलं.

आता त्या म्हातारपणी आणखी होडी मिळणार नव्हती हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. ही पाण्यात गेली नाही तर ती दाढी चितेवरच जाणार. आणि तोवर मिस्त्री असाच सगळ्या जगासारखा बोलत राहणार. मिस्त्रिणीला यातली दुसरी गोष्ट जास्त लागली होती.

हॉटेलच्या उद्घाटनाचा दिवस ठरला. आदल्या दुपारी मिस्त्री ओट्यावर बसून गरम भाताची पेज पीत होता. पिता पिता वाटी वर धरून तो तिच्या बुडाकडे बघायला लागला. बराच वेळ बघितलं. मग बुडाला बोट लावलं, बोट बघितलं आणि मला म्हणाला, "पेज आत हाय. बोट कोरडं हाय."

"मग? वाटी फुटकी नाय," मी म्हटलं.

"तेच म्हन्तो. पानी भायरून लागो नाय तर आतून लागो, फटीला काय कळतं?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही चौघं निघालो. मोगरी-छिन्न्या घेऊन मिस्त्री, मिस्त्रीण, गाठोडं घेऊन मी आणि गावचा न्हावी. न्हाव्याला सांगितलं होतं की हॉटेलात फुकट जेवण आहे. खांबला पोचलो तेव्हा आवारात माळ्याशिवाय कुणी नव्हतं. लॉनवर पाणी मारायची जाड नळी पडलेली होती. मिस्त्रीने मचव्यातली दोन्ही टेबलं आणि खुर्च्या खाली काढून ओळीने मांडल्या, दोन्ही बाजूंना लाकडी टेकू ठोकले, आणि नळी आत सोडली.

माळी म्हणाला, "बाबाजी, हे काय करता?"

"अभिषेक," मिस्त्री म्हणाला. दाढी बघून माळ्याने नळ मोठा केला.

पाहुणे यायच्या वेळेपर्यंत पाणी आतल्या बसायच्या फळीपर्यंत चढलं होतं. मिस्त्री धोतर खोचून आत उतरला आणि छातीइतक्या पाण्यात बसला. दाढी पाण्यावर तरंगत होती. तेवढ्यात नातू आला, हातात फीत आणि कात्री, मागे पाहुणे, नटलेल्या बायका, पोरं.

"चाचा! हे काय केलंत?"

"तू व्हडी पान्यात घालत नाय ना? म्हनून पानी व्हडीत घातलं."

"अवो, लोक कुटं बसनार?"

"माझी दाढी झाली की जागा मोकळी हाय. बोलू नको मदी. काम चालू हाय."

पाहुण्यांनी मोबाईल काढले. एक पोर म्हणालं, "मम्मी, स्विमिंग पूल!" नातवाने कपाळाला हात लावला, पण फोटो निघत होते हे त्याच्या लक्षात आलं आणि तो जरा गप्प झाला. आखातात शिकून आला होता.

आता राहिला एकच शब्द. मिस्त्रीने सवयीने तळाकडे हात नेला आणि थांबला. पाणी आत, तो आत. कोरडं असायला पाहिजे होतं ते बाहेर. तिथे त्याचा हात पोचत नव्हता. तो बाहेर येऊन हात लावू शकला असता. पण रीत अशी की मिस्त्री आत बसलेला पाहिजे. त्याने माझ्याकडे बघितलं. मी लॉनच्या कडेला उभी होते, नेहमीसारखी लांब.

"गो. तू हात लाव."

"मी? आज? रीत काय सांगते?"

"रीतीला सांग मी भिजलोय. लाव हात."

मी चौथऱ्यावर गुडघे टेकले आणि आडवी होऊन मचव्याखाली सरकले. या वयात. वरून पाण्याचं वजन नुसतं जाणवत होतं, लाकूड गार लागत होतं. मागच्या टोकापासून पठाणाच्या कडेने तळवा फिरवत फिरवत पुढे गेले. कोरडं. कोरडं. सगळीकडे माझ्याच वाती होत्या, तोंडं दाबून बसल्यासारख्या. बाहेर न्हावी वाटीत साबणाचा फेस करायला लागला होता.

नाळेच्या खाली हाताला ओल लागली. मी बोट बघितलं.

"एक थेंब हाय," मी म्हटलं.

नातू खाली वाकून हळूच म्हणाला, "मावशी, एका थेंबानं काय व्हतंय? म्हना ना कोरडी."

"कोरडी नाय तर कोरडी कशी म्हनू?"

वरून मिस्त्रीचा आवाज आला. "कुटं हाय?"

"नाळेखाली. डावीकडं."

"कोनाची वात?"

"वात माझी. ठोकलीत तुम्ही. तवा तुम्ही पेंटरशी भांडत व्हता."

मग चौथऱ्यावर मोगरी येऊन पडली, तिच्यामागे छिन्नी, आणि न्हाव्याने वाकून मला गाठोड्यातली वात दिली. मोगरी मी आयुष्यभर उचलून त्याच्या हातात दिली होती. मारली कधीच नव्हती.

"मार," मिस्त्री म्हणाला. "मी ऐकतो." आणि त्याने नाक धरून डोकं पाण्याखाली घातलं.

मी छिन्नी लावली आणि मारलं. वर बुडबुडे आले आणि डोकं वर आलं. "पोकळ!" परत बुडी. मी मारलं. "अजून पोकळ! दम नाय का हातात? पेज खाल्लीस का नाय?" परत बुडी. एव्हाना पोरांना खेळ कळला होता, तो वर आला की तीच ओरडत होती, "पोकळ! पोकळ!" माझ्या तोंडावर थेंब पडत होते, खांदा भरून आला होता. मी देवाचं नाव घेतलं नाही, मिस्त्रीला एक शिवी घातली आणि जोर लावून मारलं. आवाज बदलला. तो मलाही कळला. ऐकत आले होतेच इतकी वर्षं.

डोकं वर आलं. मी पदराने जागा पुसली, तळवा ठेवला आणि थांबले. मग ठेवलेला हात उलटा करून बघितला.

"कोरडी," मी म्हटलं. नीट ऐकू गेलं नसेल म्हणून बाहेर सरकून परत म्हटलं, "कोरडी हाय!"

मिस्त्री न्हाव्याला म्हणाला, "ये."

न्हावी पाण्यात उतरायला तयार नव्हता. तो खुर्चीवर उभा राहिला आणि काठावरून वाकून कात्री चालवायला लागला. दाढीचे झुपके पाण्यावर पडत होते. मिस्त्रीने पेंटरला हाक मारली. "लिव रं! फुडं हाय ती नाळ! खाली पठाण!"

"बोलू नका, गळ्यावर वस्तरा हाय," न्हावी म्हणाला.

"वर आडवं हाय ते परबाण! त्याला बांदतात ते शीड! शिडाचं खालचं टोक वडून धरनारा दोर, दामण!" साबणाच्या फेसातून नावं सुटत होती आणि पेंटर भराभर खडूने लाकडावर लिहीत होता. नातू वहिवाटदारासारखा प्रत्येक पाटीला मान डोलवत होता. शेवटी त्याने विचारलं, "चाचा, आन् स्पेशल थाळीला? वजनदार नाव पायजे."

मिस्त्रीने माझ्याकडे एकदा बघितलं. "निरम," तो म्हणाला.

ती पाटी अजून आहे. हायवेने जाताना एसटीतून दिसते. निरम थाळी. लोक लांबून येऊन खातात म्हणे, पोट भरतं. भरायलाच पाहिजे, धोंडे आहेत.

न्हाव्याने तोंड पुसलं. दाढीखालून जे निघालं ते फार लहान होतं. ओल्या चिमणीसारखं. हनुवटी आत गेलेली, गाल बसलेले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीण इतका वेळ लॉनवरच्या खुर्चीत बसून हॉटेलचा चहा पीत होती. ती उठली, मचव्याजवळ आली, त्याचं तोंड डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"व्हती तीच बरी व्हती," ती म्हणाली. "परत वाडवा."

मिस्त्री काठाला धरून पाण्यातून उठला. धोतरातून धारा लागल्या होत्या.

"गप ऱ्हा, परबाण," तो म्हणाला. "पठाण धरलंय माझं. हात दे."

तिने कप माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात पुढे केले.